सगळ्या दारांवर चार

त्या वर्षी गोदा सात महिन्यांची होती आणि तिला कुठेही झोप लागत असे. बैलगाडीत, माझ्या खांद्यावर, मोहाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत. सूर्यमाळच्या अंगाचा तो पाडा मला आठवतो तोही तिच्या झोपेतून पाहिल्यासारखा. कडा पुसट झालेल्या, धूर वर न जाता छपरांवरच पसरून राहिलेला, आणि डोंगराच्या खांद्यावर घरं अशी टेकलेली की वाटावं, जरा दम खायला बसली आहेत, आता उठतील आणि चालू लागतील.

संस्थान विलीन होऊन तीन वर्षं होत आली होती. मोखाड्याच्या बाजारात लोक बोलता बोलता अजून ‘आपल्या राज्यात’ म्हणून जात आणि मग आपलंच आपल्याला हसत. नव्या सरकारची ही पहिलीच शिरगणती. शाळेतल्या मास्तरांना ते काम दिलेलं होतं, आणि ह्यांच्या वाट्याला जे पाडे आले त्यातला हा सगळ्यात लांबचा.

जानेवारीत हे एकटेच जाऊन घरांवर नंबर घालून आले. डब्यात कालवलेली काव, दातवणासारखी ठेचलेली काडी हा कुंचला. घरी आले तेव्हा दहाही बोटं लाल.

“अकरा घरं,” जेवताना हे म्हणाले. “आणि एक गोठा. गोठ्यात एक बाई राहते, पोरीला घेऊन.”

“माणसं राहतात तर मग गोठा कसा?”

“दार नाही त्याला. पुस्तकात लिहिलंय, स्वतंत्र दार असेल ते घर. तिचा दीर म्हणाला, आमच्यातच धरा. धरली चार नंबरात.”

मी ताटात भात वाढला आणि उगीच आमच्या दाराकडे पाहिलं. आम्ही एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत राहत होतो. आमचं दार दुकानदाराच्या पडवीत उघडायचं. तेवीस नंबर पुढे, दुकानाच्या फळीवर होता. आम्ही त्या तेविसातच.

फेब्रुवारीत खरी मोजणी सुरू झाली, आणि पहिल्याच पाड्यावरून हे वैतागून परत आले. पुरुषमाणसं जंगलतोडीला गेलेली. घरात बायका. नवऱ्याचं नाव विचारलं की तोंडाला पदर लावून आत पळतात. वय विचारलं की हसतात. रकानेच्या रकाने कोरे.

“तू चल,” हे म्हणाले. “बाईमाणसाशी बोलतील.”

अशी मी आणि गोदा शिरगणतीला निघालो.

गाडीवाट संपली तिथून चढण पायी होती. पळस इतका फुललेला की डोंगराला कुणी काव लावून नंबर घातल्यासारखा वाटे. वर पोहोचलो तर बायका आधीच मोहाखाली जमलेल्या. ह्यांना कुणी बघितलं नाही. सगळ्यांनी गोदाला बघितलं. ती या हातातून त्या हातात गेली, तिच्या मुठी उघडून झाल्या, पायाचे तळवे हुंगून झाले.

हे घोंगडीवर वही उघडून बसले. पहिली हौशी. तरणीताठी, पायात जाड कड्या.

“नवऱ्याचं नाव सांग गं,” मी म्हटलं.

“कसं सांगू बाय? ह्या कमूला इचार.”

कमूनं हौशीच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. मग कमूच्या नवऱ्याचं नाव हौशीनं. अशी नावं एकीच्या तोंडून दुसरीच्या दारात जात चालली. पाड्यावर सगळ्यांनाच ‘तू’, तेव्हा एका बाईनं मलाच विचारलं, “तुझ्या गोहोचं नाव काय गं?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. हे समोरच बसलेले. कानापर्यंत गरम झाले मी.

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. “बघा, बघा! लिहिनाऱ्याची बायको, तिला पन येत नाय!”

हे मान खाली घालून टाक पुसत बसले. पण त्यानंतर सगळ्या भराभर सांगू लागल्या. मोहाची फुलं अधूनमधून वहीवर पडायची, ती हे बाजूला करायचे आणि लिहायचे.

“हिला पन लिवलं का?” एकीनं गोदाकडे बोट करून विचारलं.

“लिहिलं की. मोखाड्याच्या वहीत.”

“काय लिवलं?”

“वर्षाच्या आतलं मूल, म्हणून वय शून्य.”

“शून्य म्हंजे?”

“म्हणजे काही नाही.”

हे ऐकून एक म्हातारी पुढे आली. बारीक, वाकलेली, डोळे मात्र लखलखीत. तिनं गोदाचा गाल धरला. “एवढी मोठी पोर नि काय नाय? अरं, ह्या गुरुजीला दिसत नाय का?” ती रामी. पाड्यावर लग्न असलं की भिंतीवर तांदळाच्या पिठाचं लिहिणं तिनंच लिहायचं. चार नंबरच्या घरात थोरल्या मुलाकडे, लाडक्याकडे, ती राहत होती.

उन्हं चढली तशी मी तिच्या ओटीवर टेकले. भिंतीवर जुनं लिहिणं होतं, विटून पावसाच्या पाण्यासारखं झालेलं. फेर धरलेली माणसं, त्यांच्यात एक ढोलवाला. त्यांच्या बाजूला ह्यांनी घातलेला कावेचा ‘४’. मी गोदाला दाखवायला म्हणून भिंतीला हात लावणार, तोच रामीनं माझं मनगट धरलं.

“हात नको लावू बाय. लग्नाचं हाय ते. आपन पुसायचं नसतं. भिंतीला वाटलं तवा तीच टाकते. नाय तर दुसरं लग्न आलं की त्याच्या सारवनानं झाकायचं.” मग ती त्या चाराकडे बघत राहिली. “हे मात्र चांगलं काढलं गुरुजीनं. बाई कमरेवर हात ठेवून वळली नि गिरकी घेतली असं हाय.”

त्यानंतर मला चाराचा आकडा कधी आकडा म्हणून दिसला नाही.

कोंडी मला शेवटी दिसली. घोळक्यात ती नव्हतीच. चार नंबरच्या मागे तीस-एक पावलांवर, उताराच्या कडेला तिचं ते खोपट. सागाच्या सहा मेढी, चांगल्या मांडीएवढ्या जाड, आणि त्यांच्यामधे कारवीचा कुड. पुढे नुसतं भोक. ती त्या भोकात उभी होती, हाताशी चार वर्षांची लेक, धाकली.

“ये बाय,” ती म्हणाली. “माझ्याकडे कोनी आलं नाय लिवायला.”

आत गेले. तीन दगडांची चूल, राख काढून स्वच्छ केलेली. कोपऱ्यात पाण्याचा हंडा, दोरीवर गोधडी, नागलीची कणगी. जमीन इतकी सुंदर सारवलेली की पाय ठेवायला जीव धजेना. बैलाचा वाससुद्धा नव्हता. तिनं मला पेज दिली आणि गोदाला आपल्या मांडीवर निजवलं.

हळूहळू कळलं ते असं. तिचा नवरा मंगळू रामीचा धाकटा मुलगा. लग्न झाल्यावर वेगळं राहायचं म्हणून त्यानं राजाच्या वेळी त्या सहा मेढी जंगलातून आणून रोवल्या. कुड झाला, छप्पर झालं, आणि त्या पावसाळ्यात तो तापानं गेला. दोन पावसाळे लाडक्यानं तिथे बैल बांधले. मग कोंडीनं बैल बाहेर काढले, सारवलं, चूल मांडली. लाडक्याच्या तोंडात मात्र गोठा हा शब्द राहिला तो राहिला.

आणि आता लाडक्याच्या मुलाचं, रघ्याचं, लग्न ठरलं होतं. पंधरा दिवसांनी. रघ्याला घर पाहिजे, घराला मेढी पाहिजेत. जंगलातून नवा खांब आणायचा तर आता कागद लागतो. लग्न झालं की गोठा मोडायचा, मेढी उपटायच्या, पावसाच्या आधी रघ्याचं घर उभं करायचं. कोंडीनं लेकीला घेऊन लाडक्याच्या घरात यायचं, कोपऱ्यात.

“लाडक्या वाईट नाय,” कोंडी म्हणाली. “पोटाला घालील. पन माना हितंच राहायचं हाय.” ती ‘मला’ म्हणताना ‘माना’ म्हणे, आणि तो शब्द मला फार आवडायचा, जणू मान वर करून बोलते आहे. “नंबर असला तर घर. घर कोनी मोडत नाय. गोठा कोनी पन मोडतं. माना नंबर दे, बाय.”

“माझ्या हातात कुठं गं आहे?”

“तुझा गोहो लिवतो ना?”

बाहेर ऊन नुसतं थरथरत होतं. गोदाच्या श्वासाबरोबर मलाही पेंग आली, आणि तिथेच, त्या गार जमिनीवर, डोळा लागला. मला दिसलं की घरं उठली आहेत. नदी ओलांडताना बायका लुगडं वर धरतात तशी आपली छपरं सावरून, मेढींच्या पायांनी उतार उतरताहेत, कपाळावर आपापला लाल आकडा. सगळी हळूहळू मोखाड्याकडे निघाली. मागून एक लहानसं घर धावत होतं, कपाळ कोरं. नदीपाशी कुणी तरी त्याला विचारलं, तू कुठलं? ते बोलेना. मी म्हणायला गेले, अहो, ते माझ्या ओळखीचं आहे, तर माझं तोंडच उघडेना, नाव घ्यायला सांगितल्यासारखं.

जागी झाले तेव्हा बाहेर हे आणि लाडक्या बोलत होते. लाडक्या चांगला उंच, हसरा माणूस.

“अहो, आत येऊन बघा तरी,” मी ह्यांना म्हटलं. “चूल आहे. कणगी आहे. घर आहे हे.”

हे वाकून आत आले. सगळं बघितलं. लाडक्या बाहेरूनच हसत म्हणाला, “गोठ्यात चूल मांडली म्हनून काय गोठ्याचं घर व्हतं, गुरुजी? उद्या झाडाखाली मांडली तर झाड घर?”

“दार नाही, अगं,” हे मला हळूच म्हणाले. “वरून तपासणीला येणार. मी काय दाखवू? हे भोक?”

“आणि दार असलं तर?”

ह्यांनी वही काखेत घेतली. मग कोंडीला म्हणाले, “पहिल्या मार्चला सूर्य उगवताना कोण कुठल्या घरात, ते पक्कं धरायचं आहे. त्या दिवशी मी परत येणार. जन्मलेलं वाढवायचं, गेलेलं कमी करायचं, काही बदललं असेल ते बदलायचं.”

“दार लागलं तर बदलल?”

“बघू.”

ह्यांचं ‘बघू’ मला माहीत होतं. ते होकाराचंही असे, नकाराचंही. हे पुढे झाले तेव्हा मी मागे वळून कोंडीला म्हटलं, “लाव गं दार. लाव तू. नंबर मिळेल.”

सगळी उतरण मला तेच टोचत राहिलं. जो शब्द माझा नव्हता तो मी देऊन आले होते. मोखाड्यात परतल्यावरसुद्धा, भाकरी थापताना, गोदाला न्हाऊ घालताना, मला ते भोक दिसे आणि त्यात उभी कोंडी. ह्यांना विचारायचं धाडस झालं नाही. फक्त मी एवढंच म्हटलं की मार्चला मी येणार. हे म्हणाले, आता काय काम तुझं? मी म्हटलं, गोदाला तिथे झोप छान लागते.

आदल्या संध्याकाळी खालच्या गावात मुक्काम केला आणि झुंजुमुंजू व्हायच्या आत चढण चढलो. पुढे हे कंदील घेऊन, मागे मी, गोदा पाठीशी बांधलेली. मोहाचा वास त्या थंडीत इतका दाट होता की तोच धरून वर जावं. पाड्यावर पोहोचलो तेव्हा आभाळ राखेच्या रंगाचं झालेलं. दोन दिवसांपूर्वी रघ्याचं लग्न लागलं होतं. मांडव अजून उभा होता, आणि त्याच्याखाली एक ढोल एकटाच पडला होता.

हे पहिल्या घरापाशी थांबले. कंदील वर केला. भिंत नवी सारवलेली, त्यावर पांढरं लिहिणं, माणसं, झाडं, मोर. आणि दाराच्या बाजूला, तांदळाच्या पिठानं काढलेला, हातभर उंच, ठसठशीत ‘४’.

“हे एक नंबर आहे ना?” हे म्हणाले.

“मला काय माहीत?”

पुढच्या घरी गेले. ‘४’. त्याच्या पुढच्या. ‘४’. हे वही उघडून मिटून पुढे पळू लागले. कंदील हलेल तसे भिंतीवरचे चार गिरक्या घेत होते. पाचव्या दारावर चार, सातव्या दारावर चार, अकराव्या दारावर चार. कावेचा एक ठिपकाही कुठे उरला नव्हता.

मला हसू आवरेना.

“हसतेस काय?” हे कळवळून म्हणाले. “माझी सगळी यादी गेली! अकरा घरं आणि अकराही चार!”

आवाजानं दारं उघडली. बायका बाहेर आल्या, लग्नाच्या जागरणानं डोळे जड झालेल्या. रामी पुढे आली, नखांत अजून पांढरं पीठ.

“आवडलं का, गुरुजी?”

“आजी, हे कुणी केलं?”

“मी. लग्नाचं सारवन झालं नि तुझी काव त्याच्याखाली गेली. पोरी घाबरल्या, गुरुजी रागावल बोलल्या. मी बोलली, थांबा, माना येतं. माझ्या दारावरचं रोज बघायची ना मी. तेच सगळ्यांना काढलं.”

“पण आजी, प्रत्येक घराला मी वेगळं काढलं होतं!”

रामीनं समजुतीनं मान हलवली. “तू घाईत व्हतास ना. घाईत एकासारखं एक येत नाय.”

ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग खिशातून फडकं काढलं, दारातल्या हंड्यात बुडवलं आणि पहिल्या घराचा चार पुसायला गेले. रामी भिंतीच्या आडवी आली.

“नाय, गुरुजी. लग्नाचं हाय ते. पुसायचं नाय.”

“सरकारी नंबर आहे हा!”

“सारवन लग्नाचं, पीठ लग्नाचं. सरकारचं व्हतं ते तुझ्या कावेबरोबर गेलं.”

हे ओलं फडकं हातात धरून उभे. पाणी त्यांच्या चपलेवर ठिबकत होतं. मी जवळ जाऊन हलकेच म्हटलं, “अहो, बाजूला कावेनं लिहा की. चार राहू दे.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, रामीकडे बघितलं, आणि फडकं पिळून खिशात घातलं. “बरं,” म्हणाले. “राहू दे.”

रामी हसली. आणि मग तिनं मागे वळून हाक मारली, “ऐकलंस काय रं, लाडक्या? गुरुजी सरकारचा मानूस, तो पन पुसत नाय.”

लाडक्या मांडवाच्या खांबाला टेकून हसत होता. त्याचं हसू थांबलं. तो आईच्या नजरेच्या रोखानं बघू लागला, आणि मीही बघितलं. चार नंबरच्या मागे, तीस पावलांवर, उजाडत्या आभाळापुढे कोंडीचं खोपट. आणि त्याला दार होतं.

मी धावलेच. कारवी आणि बांबूच्या कामट्यांची विणलेली ताटी, दोन्ही बाजूंनी शेणानं लिंपलेली. एका कडेला टोक तासलेला लाकडाचा दांडा, खाली दगडाच्या खळग्यात बसवलेला, की ताटी फिरावी. त्या ताटीच्या बरोबर मधोमध, सगळ्यांपेक्षा मोठा, कमरेवर हात ठेवून गिरकी घेणारा पांढरा चार. दाराआडून कोंडी बघत होती. तिच्या बोटांना कामट्यांचे चिरे पडले होते.

मागून सगळे आले.

“आये,” लाडक्या म्हणाला, “त्या गोठ्यावर का काढलंस?”

“आत दिवा व्हता. चूल पेटलेली व्हती. पाड्यावर लगीन नि चूल पेटलेलं दार कोरडं ठेवायचं? असं कोनी करतं?”

“पन मेढी रघ्याच्या घराला लागतात. ठरलंय आपलं.”

“मग मोड. पन आधी ते पूस. तुझ्याच पोराच्या लग्नाचं हाय. तुझ्याच हातानं पूस.”

लाडक्या दोन पावलं पुढे आला. त्याचा हात वर गेला की नाही ते मला सांगता येणार नाही, मी कोंडीकडे बघत होते. ती बाजूला झाली नाही आणि आडवीही आली नाही. नुसती उभी होती. लाडक्यानं तळहात कमरेच्या पंच्याला पुसले, दोनदा, जणू ते आधीच पिठानं भरले होते.

“मग रघ्या नि त्याची बायको निजतील कुठं?” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आता भांडण नव्हतं, खरंच प्रश्न होता. “आपल्या घरात जागा कुठं हाय, आये? तूच सांग.”

रामीनं उगवतीकडे बघितलं. डोंगराची कड लाल होऊ लागली होती.

“गुरुजी,” तिनं विचारलं, “दीस उगवंल तवा जो जिथं, तो तिथला. असंच ना?”

“हो. असंच.”

ती वळली आणि आपल्या घरात गेली. आत भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा डोक्यावर गोधडीची वळकटी, काखेत कांबळं, हातात पीठ कालवायची वाटी. घरातली सगळी तिच्याकडे बघत राहिली, रघ्या आणि त्याची हळदीची पोरगीसुद्धा. ती कुणाशी न बोलता चालू लागली. तीस पावलं. वाकलेली, सावकाश, वाटेत एकदा थांबून वळकटी सारखी केली. लाडक्या म्हणाला, “आये, अगं...” आणि तेवढंच. मी नकळत उगवतीकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत होते. जरा भरभर चल गं आजी, माझ्या मनात. कड पिवळी झाली. कोंडीनं पुढे होऊन तिची वळकटी घेतली. रामीनं उंबरा नसलेल्या त्या दारातून पाय आत टाकला, आणि तिच्या पाठीमागे, ताटीवरच्या चारावर, पहिलं ऊन पडलं.

“माझी जागा रिकामी झाली,” ती आतून म्हणाली. “तिथं निजतील.”

लाडक्यानं मांडवाखालचा ढोल उचलून घरात ठेवला आणि सुनेला म्हणाला, “आजीची चंची राह्यली बघ आत. दे नेऊन.”

ह्यांनी ताटी उघडली. मिटली. पुन्हा उघडली. धाकलीला वाटलं खेळच आहे, ती प्रत्येक वेळी आतबाहेर पळू लागली. तिसऱ्यांदा मिटून हे म्हणाले, “दार आहे.” असं म्हणाले की जणू त्यांनीच ते विणलं होतं.

मग दारासमोर जमिनीवर बसून वही मांडीवर घेतली. चार नंबरातून तीन नावं खोडली. नवं पान काढलं.

“घर नंबर बारा. घरातलं कर्तं माणूस कोण?”

कोंडीनं सासूकडे बघितलं. रामीनं हनुवटीनं कोंडीकडे दाखवलं. “ही. माना काय इचारतोस, मी आत्ता आली.”

‘कोंडी,’ ह्यांनी लिहिलं. त्याखाली धाकली. त्याखाली रामी. मी खांद्यावरून वाचलं आणि मला एकदम हलकं वाटलं, पाठीवर गोदा असूनही.

काव कालवली. ह्यांनी काडी बुडवून ताटीवर, पांढऱ्या चाराच्या बाजूला, लहानसा लाल ‘१२’ काढला. त्यांचं अक्षर एरवी सुंदर, पण त्या चारापाशी ते अगदीच बिचारं दिसत होतं. कोंडी दोन्हीकडे बघून म्हणाली, “दोन दोन झाले माना.”

मी जवळून बघायला वाकले. तेवढ्यात गोदा जागी झाली होती. माझ्या खांद्यावरून तिनं हात काढला आणि पंजा चाराच्या कमरेवर सपकन ठेवला. ओढून काढला तेव्हा कंबर गेली होती आणि गोदाची मूठ पांढरी झाली होती.

सगळ्या बायकांनी श्वास आत घेतला. “आजी,” मी म्हटलं, “पुसलं हो हिनं... आता?”

रामी दारात येऊन उभी राहिली. चाराकडे बघितलं, गोदाच्या मुठीकडे बघितलं. मग तिचे सगळे सुरकुतलेले गाल हलले.

“हिनं पुसलं त्याचं काय नाय,” ती म्हणाली. “ही कुठं कोन हाय? गुरुजीच्या बुकात शून्य हाय ना?”

हसण्याचा असा लोंढा उठला की मोहावरचे पक्षी उडाले. लाडक्यासुद्धा हसला. हेही हसले, वही छातीशी धरून. रामीनं वाटीत बोट बुडवून चाराला नवी कंबर दिली, आधीपेक्षा जरा बारीक.

मग मी धाकलीला घेऊन कावेचा डबा धरला आणि आम्ही बाकीच्या अकरा दारांवरून फिरलो. प्रत्येक बाई आपल्या दारात उभी राहिली म्हणून ह्यांना कुठलं घर कुठलं ते कळलं. एक, दोन, तीन. प्रत्येक लाल आकड्याच्या बाजूला पांढरा चार तसाच.

उतरताना मी मागे बघितलं. धुरात घरं पुन्हा टेकलेली दिसत होती, पण आता ती उठून कुठे जातील असं वाटलं नाही. मी पाठीवरून गोदाला पुढे घेतलं. ती झोपली होती, पांढरी मूठ घट्ट मिटून. वाटेत ओढा लागला, हे म्हणाले, हात धुऊन टाक तिचा, तोंडात घालील. मी हो म्हटलं आणि धुतला नाही. मोखाडा येईपर्यंत तिनं ती मूठ उघडली नाही.